जुन्या एमजीबीचे वाजणारे टॅपेट: आधी कान, मग फिलर गेज, शेवटी पाना

इंजिनाचा आवाज ऐकायला साताऱ्यात बोगद्यासारखी जागा नाही. समर्थ मंदिराकडून सज्जनगडाच्या रस्त्याला लागायचं, हूड खाली पाडायचं, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सावकाश आत घालायची आणि ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवायचा. उघड्या रस्त्यावर वाऱ्यात विरून जाणारा प्रत्येक टकटकाट दोन्हीकडच्या दगडावरून परत कानावर येतो. माझी एमजीबी ही जुनी इंग्लिश उघडी स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा पहिल्याच फेरीत तिथं कळलं की व्हॉल्व्ह वाजतायत.

पुढं जे झालं त्यातून हा लेख आला. एका मिस्त्रींनी अर्ध्या तासात टॅपेट 'सेट' करून दिले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यामधली बारीक फट (गॅप) कमी करून दिली, आणि गाडी इतकी गप्प झाली की मला फार आनंद झाला. महिनाभरात यवतेश्वरचा घाट चढताना तिचा दम तुटायला लागला. आयडलिंगला ती लंगडायची आणि सायलेन्सरमधून फस्फस् यायची. हेड उघडलं तर पाच नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला करंगळीच्या नखाएवढा तुकडा जळून गेलेला. गॅप इतका कमी ठेवला होता की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्यांदा सांगतो. वाजणारा व्हॉल्व्ह जळत नाही, गप्प असलेला जळू शकतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर, म्हणजे हेडमधल्या आपल्या बैठकीवर, टेकलेला असताना हेडला देतो. तापला की तो लांबीनं वाढतो आणि त्या वाढीसाठीच गॅप ठेवलेला असतो. तो नसेल तर व्हॉल्व्ह सीटवरून केसभर उचललेला राहतो, जळता वायू त्या फटीतून सुटतो आणि वेल्डिंगच्या ज्योतीसारखी कड कापत जातो. जास्त गॅपमुळे आवाज येतो, ठोके बसतात, झीज होते. पण ती हळूहळू होते आणि ऐकू येते.

गाडी आणि तिचं नातं

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला बनली. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातलं. आपल्याकडं हे नाव फारसं कुणाला माहीत नसलं तरी इंजिन सगळ्यांनी ऐकलेलं आहे, कारण ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यावर टॅपेट, टॅपेटमधून वर जाणारे पुशरॉड, हेडवर एकाच शाफ्टवर आठ रॉकर आणि प्रत्येक रॉकरच्या टोकाला स्क्रू व लॉकनट, ही रचना दोन्हींत तीच. त्यामुळं स्पोर्ट्स कारचा मिस्त्री शोधत पुण्या-मुंबईला पळायच्या आधी साताऱ्यात किंवा सांगलीत ॲम्बेसेडरवर हात बसलेला जुना माणूस शोधा. त्याच्या बोटांना हे काम पाठ असतं. सुटे भाग मात्र एकमेकांना बसतील असं गृहीत धरू नका. माप घ्या, मगच बसवा.

पुशरॉड आणि स्क्रू असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांना या लेखातलं तत्त्व लागू पडतं, आकडे मात्र तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधले घ्या. ज्या गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट असतात तिथं मोजायचा गॅपच नसतो. तिथं टकटक झाली की आधी ऑइलची पातळी, दाब, फिल्टर आणि साठलेला गाळ बघायचा. तो वेगळा विषय आहे, इथं त्यात जात नाही.

आवाज खरंच व्हॉल्व्हचा आहे का?

पाना हातात घ्यायच्या आधी हे ठरलं पाहिजे. टॅपेटचा आवाज म्हणून माझ्याकडं आलेल्या गाड्यांत निम्म्या वेळा दोष दुसरीकडंच निघाला आहे.

कॅमशाफ्ट क्रँकच्या अर्ध्या वेगानं फिरतो. म्हणजे ८०० आरपीएमला एक सैल व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला साधारण सहा-सात वेळा वाजतो. आवाज हलका, कोरडा, वरून येणारा असतो आणि ॲक्सिलरेटर दिला की त्याच चालीत भरभर होतो. खालून येणारा, जड, भार पडल्यावर वाढणारा 'ठक् ठक्' असेल तर तो बेअरिंगचा असू शकतो. त्या गाडीला आणखी एक किलोमीटरही पळवू नका. ऑइलचा दाब बघा. एमजीबीला गरम इंजिनावर चालताना ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ पीएसआय ही मॅन्युअलमधली मापं आहेत.

सगळ्यात जास्त फसवतो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा गळका गॅस्केट. त्याची फुटफूट कानाला हुबेहूब टॅपेट वाटते. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला आहेत आणि दोन्ही मॅनिफोल्ड मधल्या स्टडच्या जाड वॉशरखाली एकत्र दाबलेले असतात. एका बाजूची जाडी किंचित कमी असली की वॉशर तिरका बसतो आणि एक कोपरा गळतो. ओळखायची खूण अशी: थंडीत सकाळी चालू केल्यावर आवाज मोठा येतो, लोखंड तापून फुगलं की कमी होतो, घाटात भार पडला की पुन्हा वाढतो. टॅपेट भाराकडं इतकं लक्ष देत नाही. खात्रीसाठी थंड इंजिन चालू करून लगेच, म्हणजे मॅनिफोल्ड तापायच्या आत, जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसतील. गॅस्केटजवळ काजळीचा काळा पट्टा असेल तर तेवढाही त्रास नको.

चढावर गिअर जरा वरचा राहिला आणि खडखडल्यासारखा बारीक खणखणाट आला तर ते पिंकिंग आहे, इग्निशनचं टायमिंग पुढं गेलंय. पुढच्या बाजूनं, रेडिएटरमागून साखळी घासल्यासारखा आवाज म्हणजे टायमिंग चेन. इंजिन बंद, फक्त चावी फिरवलेली आणि मागच्या चाकाच्या अंगानं टकटक, तर तो एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. कार्ब्युरेटरचे बाऊल भरले की तो थांबतो. थांबत नसेल तर पेट्रोल कुठं जातंय ते बघा.

हे सगळं बाजूला काढून आवाज रॉकर कव्हरखालीच उरला तर लांब पेचकस घ्या. टोक रॉकर कव्हरच्या नटवर, मूठ कानामागच्या हाडावर. मग टोक ब्लॉकच्या बाजूला, मग पुढच्या चेनच्या कव्हरवर. माझे आजोबा विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला असंच लाकडी दांडकं लावून ऐकायचे. आमच्या भागात ज्या पिढीनं विहिरीवर इंजिनं चालवली तिला हा कान होता आणि तो सरावानं कुणालाही येतो. मफलर, उपरणं, सैल बाही मात्र काढून ठेवा. पंखा समोरच फिरतोय.

कुठला व्हॉल्व्ह?

रॉकर कव्हर दोन नटांवर बसतं. नट काढा, ब्रीदरचा पाइप सोडवा आणि कव्हर सरळ उचला. चिकटलं असेल तर तळहातानं बाजूनं ठोका, पेचकस घालून उचकटू नका. पत्रा वाकला की पुढं कव्हरखालचं कॉर्कचं गॅस्केट कितीही वेळा बदललं तरी ऑइल गळत राहतं.

आता इंजिन चालू करून आयडलिंगला ठेवा. आयडलिंगला थोडं ऑइल उडतं, फार नाही. फिलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा) पातळ पान रॉकरचं टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामध्ये एकेक करून सरकवा. ज्या ठिकाणी पान गेल्यावर टकटक एकदम मंदावते तो दोषी. ही परीक्षा दोन मिनिटांत बरंच सांगून जाते, पण पान जबरदस्तीनं घुसवू नका. एखादं पान वाकलं, फाटलं तर ते टाकून द्या, त्यानं पुन्हा माप घेऊ नका.

मग गाडी बंद करा आणि उद्या सकाळपर्यंत तिला हात लावू नका.

सेटिंग

एमजीबीचा प्रचलित आकडा इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना थंड इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. लेथवाल्यांच्या भाषेत १५ थाऊ. काही वर्षांच्या मॅन्युअलमध्ये गरम इंजिनावर १३ थाऊ असा आकडा आहे. थंड आणि गरम यांची सरमिसळ करू नका. मी नेहमी थंडच करतो, कारण 'गरम' म्हणजे नेमकं किती हे पहिल्या व्हॉल्व्हला आणि आठव्या व्हॉल्व्हला वेगळं असतं. गाडी रात्रभर सावलीत उभी हवी.

सगळे स्पार्क प्लग काढा. गाडी सपाट जागेवर, चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. आता गाडी हातानं पुढं ढकलली की इंजिन सावकाश फिरतं. दुसऱ्याला ढकलायला सांगितलं तर तुमचं लक्ष व्हॉल्व्हवर राहतं. उतारावर हे काम करू नका.

व्हॉल्व्ह पुढून, म्हणजे रेडिएटरकडून, १ ते ८ मोजायचे. एक्झॉस्ट १, ४, ५ आणि ८. इनलेट २, ३, ६ आणि ७. खडूनं हेडवर आकडे लिहून ठेवा.

या इंजिनाला नऊचा हिशोब लागू आहे. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला आहे, म्हणजे ज्याची स्प्रिंग पूर्ण दबलेली आहे, त्याचा आकडा नऊमधून वजा करा. उरलेल्या आकड्याचा व्हॉल्व्ह मोजा. ८ उघडा असताना १, ६ उघडा असताना ३, ४ ला ५, ७ ला २, १ ला ८, ३ ला ६, ५ ला ४ आणि २ ला ७. या क्रमानं गेलात तर क्रँकच्या दोन फेऱ्यांत आठही होतात. 'पूर्ण उघडा' ओळखायला घाई नको. गाडी थोडी पुढं, थोडी मागं हलवा आणि रॉकर सगळ्यात खाली जिथं क्षणभर स्थिरावतो तिथं थांबा.

आणि आता, स्क्रूला हात लावायच्या आधी, आठही व्हॉल्व्हचा आहे तो गॅप मोजून वहीत लिहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: १८, १६, १५, १४, ९, १६, १५, १७. पहिला आणि आठवा वाजत होते, सगळ्यांचं लक्ष तिकडंच होतं. पण त्या ओळीतला खरा आजारी पाचवा आहे. तो अजिबात वाजत नव्हता.

सेट करताना लॉकनट रिंग पान्यानं सैल करा. पाना इंची घ्या. अर्ध्या इंचाच्या नटवर १३ चा मिलिमीटर पाना जातो खरा, पण कोपरे गोल करून ठेवतो. ॲम्बेसेडरवाल्यांच्या पेटीत इंची पाने मिळतील. पेचकसानं स्क्रू धरा, १५ थाऊचं पान मध्ये ठेवा आणि स्क्रू हलकेच आवळा. जाड पुस्तकात मिटलेला कागद ओढून काढताना जेवढा अडसर लागतो तेवढा लागला पाहिजे. मग स्क्रू पेचकसानं तसाच धरून लॉकनट आवळा आणि पुन्हा मोजा. नट आवळताना आट्यांमधला ढिलेपणा ओढला जातो आणि गॅप एखाद-दोन थाऊ हमखास सरकतो. पहिल्यांदाच बरोबर आला असं क्वचित होतं.

'हाताचा अंदाज' प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून मी दोन पानांनी तपासतो. १४ चं सहज गेलं पाहिजे आणि १६ चं जाता कामा नये. मिलिमीटरचा गेज असेल तर ०.३५ जायला हवं, ०.४० अडायला हवं. एवढं जमलं की पाहुणा मिस्त्री असो की तुम्ही, काम सारखंच होतं. शंका राहिली तर एक थाऊ जास्त ठेवा, कमी कधीच नाही.

प्लग लावा, कव्हर बसवा. नवा कॉर्क असेल तर उत्तम. कव्हरचे नट बोटभर जोरानंच आवळायचे असतात, जास्त आवळलं की कॉर्क फाटून बाहेर येतो. गाडी चालू करा. नीट सेट झालेलं बी-सिरीज इंजिन अगदी मुकं होत नाही. त्याचा आवाज चांगल्या शिलाई मशीनसारखा, एकसारखा, बारीक चालतो. त्या चालीतून एखादाच ठोका वेगळा ऐकू येत असेल तर पुढं वाचा.

गॅप बरोबर, तरी आवाज आहे

इथं बरेच जण चूक करतात. १५ ची पट्टी नीट जातेय, आवाज तसाच आहे, मग 'अजून थोडं आवळूया' म्हणून स्क्रू फिरतो. माझा पाचवा व्हॉल्व्ह याच वाटेनं गेला.

रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर वर्षानुवर्षं घासून त्यात दांड्याच्या रुंदीची खळगी पडते. फिलर गेजचं पान सपाट आणि रुंद असतं. ते खळगीच्या दोन्ही काठांवर पुलासारखं टेकतं, तळाला लागतच नाही. खळगी पाच थाऊ खोल असेल तर पान १५ सांगतं आणि खरा गॅप २० असतो. पान खोटं बोलत नाही, ते चुकीची जागा मोजतं.

खरं माप डायल गेजनं मिळतं. कुठल्याही लेथवाल्याकडं चुंबकी स्टँडचा डायल गेज असतो. तो हेडवर बसवा, काटा रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या टोकावर, दांड्याच्या बरोबर वर टेकवा आणि रॉकर हातानं वर-खाली हलवा. काटा जेवढा फिरतो तोच गॅप. डायल गेज नसेल तर जुन्या फिलर गेजमधलं पान व्हॉल्व्हच्या दांड्यापेक्षा अरुंद कापून घ्या म्हणजे ते खळगीत उतरतं. कापलेल्या कडेला ऑइलस्टोननं फिरवून बुरी काढा, नाहीतर ती जाडी वाढवते.

खळगी बारीक असेल तर टोकाची मूळ गोलाई राखून ती ग्राइंडरवर उतरवता येते. पण टोकाचा कडक थर पातळ असतो. तो ओलांडला की खालचं मऊ लोखंड हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये पुन्हा खोदलं जातं. खळगी नखाला ठसठशीत लागत असेल तर रॉकर बदला.

दुसरी जागा रॉकर शाफ्ट. रॉकर हातात धरून वर ओढा आणि तिरका हलवून बघा. शाफ्टच्या बाजूनं, लांबीत सरकणं ठीक आहे, तिथं स्प्रिंगा आहेत. पण वर-खाली डुगडुगत असेल तर बुश किंवा शाफ्ट गेलाय. शाफ्टची झीज नेहमी खालच्या अंगाला होते, कारण व्हॉल्व्हची स्प्रिंग आणि पुशरॉड दोघं रॉकरला वर ढकलतात आणि शाफ्टचा खालचा भाग तो जोर घेतो. वरून बघितलं तर शाफ्ट नवाकोरा दिसतो.

रॉकर शाफ्ट काढताना

घाईत हेड गॅस्केट जाते ती इथंच. रॉकर शाफ्टच्या आधारांना धरणाऱ्या नटांपैकी चार मोठे नट हे हेडच्याच ११ नटांपैकी आहेत. तेवढे चार सोडले आणि बाकीचे तसेच ठेवले तर हेड एका बाजूनं दाबलेलं, दुसरीकडून मोकळं राहतं आणि वाकू शकतं. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं पाणी काढून, हेडचे ११ही नट मॅन्युअलच्या क्रमानं थोडे-थोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करायचे. पाणी काढायचं कारण, हेड किंचित जरी उचललं तरी पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरू शकतं.

शाफ्ट उचलताना पुशरॉड त्याच्याबरोबर वर ओढले जाऊ देऊ नका. त्यांच्या खालच्या टोकाला ऑइलची ओढ असते आणि खालचा टॅपेट आपल्या भोकातून उचलला जाऊ शकतो. प्रत्येक पुशरॉड आधी बोटांनी थोडा फिरवा, सुटला असं जाणवलं की वर घ्या. कंदी पेढ्याच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडा, आकडे लिहा आणि पुशरॉड त्याच क्रमानं खोचून ठेवा. जुना पुशरॉड आपल्या जुन्या टॅपेटशी आणि स्क्रूशी झिजून जुळलेला असतो, तो जागेवरच परत जायला हवा. काचेवर लोळवून सरळ आहे का बघा. वरची वाटी आणि स्क्रूची गोळी गुळगुळीत, चमकदार पाहिजे. खडबडीत, खवल्यांसारखी झाली असेल तर जोडी बदला.

शाफ्टमधून सगळ्या रॉकरना ऑइल जातं. तो आतून गाळानं भरला असेल तर बुश गेले यात नवल नाही. टोकं उघडून डिझेलनं धुवा, तारेनं छिद्रं मोकळी करा, हवा मारा. छिद्रांची दिशा आणि शाफ्ट कुठल्या आधाराला स्क्रूनं अडवला आहे हे काढायच्या आधीच फोटो काढून ठेवा. छिद्रं उलटी बसली तर ऑइल पोचत नाही आणि नवा संच आठवड्यात खराब होतो.

नवे बुश बसवायचं काम चांगल्या लेथवाल्याकडं द्या. साताऱ्याच्या एमआयडीसीत होतं, कुपवाडला होतं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर पिढ्यानपिढ्या इंजिनाचीच कामं चालतात. त्याला दोन गोष्टी सांगा: बुशमध्ये ऑइलचं छिद्र जुन्या जागी पाडायचं आणि आतलं माप रीमरनं घ्यायचं. शाफ्ट मात्र साध्या बारमधून कातून घेऊ नका. तो वरून कडक केलेला आणि ग्राइंड केलेलाच हवा.

बसवताना आधी सगळे स्क्रू मागं घ्या, नाहीतर आवळताना पुशरॉड वाकेल. हेडचे नट क्रमानं, टप्प्याटप्प्यानं ४५ ते ५० फूट-पाउंड, म्हणजे साधारण ६१ ते ६८ न्यूटन-मीटर. शाफ्टच्या आधारांचे छोटे नट २५ फूट-पाउंड, ३४ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर उसना आणा, इथं हाताचा जोर चालत नाही. मग गॅप लावा, गाडी तापवा, रात्रभर थंड होऊ द्या, हेड पुन्हा टॉर्क करा आणि गॅप परत बघा. हेड बसलं की गॅप बदलतो.

त्याहून खोल

सेट केलेला गॅप काही शे किलोमीटरमध्ये परत वाढत असेल तर कॅमचा उंचवटा किंवा टॅपेटचा तळ झिजतोय. रॉकरवर डायल गेज लावून इंजिन हातानं फिरवा आणि आठही व्हॉल्व्ह किती उघडतात ते लिहा. इनलेट इनलेटशी, एक्झॉस्ट एक्झॉस्टशी ताडून बघा. एखादाच ठळकपणे कमी उघडत असेल तर कॅम गेलाय. टॅपेट बघायला मॅनिफोल्डच्या मागची बाजूची झाकणं काढावी लागतात. टॅपेटच्या तळाला खड्डे असतील तर कॅम आणि टॅपेट दोन्ही एकदम बदलावे लागतात. नव्या कॅमवर जुना टॅपेट बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. सपाट तळाच्या या टॅपेटना झिंक-फॉस्फरसयुक्त २०डब्ल्यू-५० ऑइल मानवतं. नव्या गाड्यांचं पातळ ऑइल यात घालू नका.

घाट उतरताना पाय उचललेला आणि खाली येऊन ॲक्सिलरेटर देताच निळ्या धुराचा लोट, ही व्हॉल्व्ह गाईड झिजल्याची खूण. स्प्रिंग तुटली असेल तर आवाजाबरोबर मिसफायर येतो. टॉर्च मारून एकेक स्प्रिंग नीट बघा, तुटलेली कडी कधीकधी शेजारच्या कडीत अडकून शाबूत दिसते.

गप्प होत जाणारा व्हॉल्व्ह

ही गाडी शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली. शिशाचा बारीक थर व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखा बसायचा. आपल्याकडं १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि ते हवेसाठी, मुलांच्या मेंदूसाठी योग्यच झालं. पण जुन्या हेडमध्ये सीट वेगळी नसते, ती हेडच्याच बिडात कापलेली असते. जास्त वेगात, भारात गरम एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या बिडाला सूक्ष्म चिकटतो, कण उपटतो आणि हळूहळू हेडमध्ये रुतत जातो. व्हॉल्व्ह रुतला की त्याचा दांडा वर येतो. म्हणजे गॅप कमी होतो. आवाज कमी होतो. मालक खूश होतो.

४ आणि ५ शेजारी-शेजारी आहेत आणि दोघांचा धूर मधल्या एकाच वाटेनं बाहेर जातो, त्यामुळं तिथं उष्णता सगळ्यात जास्त. पहिली नजर तिथंच ठेवा. संशय आला तर कॉम्प्रेशन टेस्ट घ्या: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती हे बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत घ्या. आकडा वर आला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

हेड उघडलंच तर फक्त ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून परत बसवू नका. रुतण्याचं कारण तसंच राहतं. एक्झॉस्टच्या चारही जागी कडक सीट बसवून घ्या आणि व्हॉल्व्हही त्या जोडीचे घ्या. एकदाच खर्च होतो. तोवर दर दोन-तीन हजार किलोमीटरला गॅप मोजा, आणि त्या काळात खंबाटकीचा घाट दाबून चढणं टाळा.

माझ्या गाडीत या सीट बसवून झाल्या आहेत, तरी वही चालू आहे. तारीख, किलोमीटर आणि आठ आकडे, एवढीच ओळ. सेटिंगनंतर पहिली नोंद ५०० किलोमीटरला, मग दर ५,००० ला. वाढत जाणारा आकडा दिसला तर पुढच्या सुट्टीत सकाळी तासभर काढा. सलग तीन नोंदींत एखाद्या एक्झॉस्टचा आकडा उतरत गेला, तर गाडी कितीही गोड चालत असली तरी हेड उघडायची तारीख ठरवा.